बाहेरून आरसा, आतून खिडकी

धानोऱ्यातलं आमचं घर रस्त्याला इतकं लागून आहे की एसटी थांबली की कंडक्टरची घंटी स्वयंपाकघरात ऐकू येते. घर बांधायला काढलं तेव्हा मी एक यादी करून फ्रिजवर लावली होती. मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल म्हणून माझी अर्धी नोकरी याद्या करण्यात गेली आहे. चादरी, बादल्या, डाळ, कुलपं, ताप आलेल्या मुली, घरून न परतलेल्या मुली. त्यामुळे यादीशिवाय मला साधी भाजीसुद्धा आणता येत नाही. घराच्या यादीत सगळ्यात वर लिहिलं होतं, ‘रस्त्यावरच्या लोकांना आत दिसू नये.’

गडचिरोलीच्या काचवाल्याला मी हे वाक्य वाचून दाखवलं. तो म्हणाला, “ताई, मंग हे घ्या. आरशाची काच. दिवसा बाहेरच्याले काईच नाई दिसत आन् तुमाले समदं दिसते. बाहेरून आरसा, आतून खिडकी.”

‘दिवसा’ हा शब्द त्याने अगदी स्वच्छ उच्चारला होता. पण माझं लक्ष पुढच्या कामाकडे होतं. हॉलला लागून जी रस्त्याकडची खोली आहे, तिच्या खिडकीला मी ती काच लावून घेतली. तिथेच स्वयंपाकघराच्या दारासाठी रेघांची काच निवडली, तिच्यातून उजेड येतो पण ओट्यावरचा पसारा दिसत नाही. त्याच फेरीत मी डोळे तपासून दूरचा आणि जवळचा एकत्र असा नवा चष्माही केला. एका फेरीत तीन प्रकारच्या काचांचं काम उरकलं म्हणून मी खूश होते.

चष्म्याने पहिल्याच दिवशी प्रताप दाखवला. त्याच्या खालच्या भागातून पाहिलं की जमीन वर उचलून येते. दुकानाच्या पायऱ्या उतरताना मी जिथे पायरी नव्हती तिथे पाय टाकला आणि जिथे होती तिथे टाकला नाही. नवऱ्याने हात धरून गाडीत बसवलं.

नवरा कृषी खात्यात आहे. दिवसभर धानाच्या बांध्या तुडवतो आणि संध्याकाळी मोबाइलवर बघून योगासनं करतो. नवीन घरात राहायला आल्यावर त्याने ती रस्त्याकडची खोली पसंत केली. बाहेरच्यांना काही दिसत नाही असं मीच त्याला सांगितलं होतं. तो बनियन आणि हाफपँटवर दिवा लावून मनमोकळा आसनं करू लागला. पाय डोक्यामागे नेणे, पोट आत ओढणे, सिंहासारखी जीभ बाहेर काढणे, सगळं.

समोर पानठेला आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी तो तिथे सुपारी घ्यायला गेला तर पानठेलेवाला फार काळजीने म्हणाला, “साहेब, काल तो पाय डोक्यामांगं थोडक्यात राह्यला. आज होऊन जाईल.”

बाकावर बसलेले दोघं म्हणाले, “जीभ मात्र लय भारी काढता, भाऊ.”

नवरा घरी आला तो सरळ माझ्यासमोर उभा राहिला. “बाहेरच्याले काई नाई दिसत म्हनून कोन सांगितलं व्हतं तुले?”

“काचवाल्यानं.”

“त्या काचवाल्याले बोलव इथी. त्यालेच बनियनवर उभा करतो.”

तेव्हा आमच्याकडे माझी भाची राहत होती. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहिणीचं गाव मुलचेऱ्याकडे, तिथून रोज गडचिरोलीला जाणं जमण्यासारखं नाही. भाची एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते आणि विज्ञानाची पदवी मिळाल्यापासून कोणत्याही गोष्टीचं कारण सांगितल्याशिवाय तिला जेवण जात नाही. ती आम्हा दोघांना रस्त्यावर घेऊन गेली, मग खोलीत आणलं, दिवा बंद केला, चालू केला.

“मावशी, काच दोन्हीकडून सारखीच हाये. तिच्यावर पातळ मुलामा हाये. उजेड आला की थोडा ती परत पाठवते, थोडा पलीकडं जाऊ देते. ज्या बाजूले उजेड जास्त, त्या बाजूच्या माणसाले आपलंच तोंड दिसते. अंधारातल्याले मात्र पलीकडचं समदं दिसते. दिवसा बाहेर उजेड जास्त. रात्री आत.”

नवरा विचार करून म्हणाला, “म्हंजे आपन उजेडात बसलो तं आपन आपल्यालेच दिसू?”

“हो. आन् अंधारातल्याले तुम्ही.”

“आन् मी इतके दिवस त्या काचीत पाहून म्हनत व्हतो का माही पोझिशन सुधरून राह्यली.”

मी त्याच दिवशी जाड पडदा शिवायला टाकला आणि खिडकीच्या बाजूला एक कागद चिकटवला, ‘दिवा लावण्याआधी पडदा ओढणे.’

संध्याकाळचं प्रकरण असं मिटलं. दिवसाचं मात्र वेगळंच सुरू झालं, आणि त्याला कारण होती वानरं.

आमच्याकडे वानरांच्या टोळ्या घरावरून अशा जातात जशा दुसऱ्या गावात शाळेच्या फेऱ्या. टोळीतला मोठा हुप्प्या मोटारसायकलच्या आरशात स्वतःला पाहतो आणि त्याला वाटतं, दुसरा हुप्प्या आला. मग तो दात दाखवतो. समोरचाही दात दाखवतो. मग आरसा राहत नाही. म्हणून धानोऱ्यात गाडी उभी केली की पहिलं काम आरसे झाकायचं. कोणी प्लास्टिकची पिशवी बांधतं, कोणी जुना मोजा चढवतं. आमच्या नवऱ्याच्या गाडीला माझ्या जुन्या ब्लाऊजच्या बाह्या आहेत. पुष्कळांनी तर कटकट नको म्हणून आरसे काढूनच टाकलेत.

त्यामुळे गाव असं झालं की माणूस गाडीवरून येणार, डोक्याचं घरटं झालेलं असणार, आणि केस नीट करायला आरसा नाही. आणि आमची खिडकी रस्त्याला लागून, पुरुषभर उंच, लख्ख.

सगळं गाव आमच्या खिडकीत भांग पाडू लागलं.

पंचायत समितीत जाणारे आधी आमच्याकडे थांबत. एक मास्तर रोज येऊन मिशीतले पांढरे केस एकेक उपटत आणि प्रत्येक केसाला डोळ्यांत पाणी आणत. निवडणुकीला उभे राहिलेले एक भाऊ हात जोडून हसण्याचा सराव करून जात. दातांसकट आणि दातांशिवाय, दोन्ही. एक पोट सुटलेले गृहस्थ श्वास ओढून पोट आत घेत, समाधानाने मान हलवत आणि श्वास सोडता सोडता निघून जात. हे सगळं आमच्यापासून हातभर अंतरावर चालायचं. आम्ही आत खुर्चीवर बसून चहा पीत असायचो.

आमच्या शेजारीणबाई लाखोळीची डाळ निवडायला सूप घेऊन आमच्या घरी येऊ लागल्या. त्या म्हणत, “बाई, टीव्हीवर एवढं मन नाई लागत.”

भाची मात्र एकदा तिथे फार वेळ उभी राहिली. बाहेर एक जण केस विंचरत होता. बायको मागे पिशव्या घेऊन उभी होती. ती काही बोलली तसा तो वळून तिच्यावर असा खेकसला की तिच्या हातातली पिशवी सुटली. मग तो परत खिडकीकडे वळला, चेहरा सारखा केला, हसून पाहिलं आणि समोरच्या दुकानात ‘नमस्कार, नमस्कार’ करत गेला.

भाची म्हणाली, “मावशी, लग्नासाठी पाहाले येनाऱ्या मुलांले पयले इथी उभं केलं पायजे.”

तिच्यासाठी स्थळं पाहणं सुरू होतं. येणारा प्रत्येक मुलगा सोफ्याच्या टोकावर बसायचा, पोह्यातले दाणे मोजून खायचा, मान खाली घालून बोलायचा. प्रत्येकाचा छंद वाचन. ती नाही म्हणायची आणि बहीण माझ्यावर चिडायची, कारण मुलगी माझ्या घरी राहते म्हणजे डोकंही मीच फिरवलं असणार. पण तिच्या नकाराला कारण होतं. तिची कॉलेजातली मैत्रीण अशाच एका मान खाली घालणाऱ्याशी लग्न करून गेली, आणि तो घरात जेवणाचं ताट भिरकावणारा निघाला. आता ती माहेरी आहे. भाची मला म्हणाली होती, “चार लोकांत समदेच चांगले राह्यतात. मले तो एकटा असताना कसा राह्यते ते पाहाचं हाये. तेवढं पाह्यलं का मी हो-नाई सांगून टाकीन.”

हे काम होण्यासारखं होतं. मी यादी केली.

मुलगा वनरक्षक होता. सिंदेवाहीकडचा, नोकरी जंगलात. मागच्या वर्षी धानाची कापणी आटोपल्यावर त्याच्या घरच्यांनी निरोप धाडला की मोठी माणसं गाडीने येतील, मुलगा ड्युटीवरून परस्पर मोटारसायकलने येईल, आणि होकार-नकार त्याच बैठकीत हवा, कारण त्याला सुट्टी मिळत नाही. बहिणीने मला फोनवर बजावलं, “ताई, ह्या खेपेले हो नाई तं नाई, तिथंच सांगाचं. टांगून ठेवाचं नाई.”

माझ्या यादीप्रमाणे पाहुण्यांनी तीनला यायचं. ऊन खिडकीवर असतं. मोठ्या माणसांना नवऱ्याने हॉलमध्ये घ्यायचं आणि बोलण्यात गुंतवायचं. पाय धुवायची बादली आणि तांब्या खिडकीच्या बरोबर समोर ठेवायचा. मुलगा गाडी लावील, आरसे झाकील, पाय धुवील, आणि समोर एवढी मोठी काच पाहून थांबणार नाही असा माणूस धानोऱ्यात अजून आलेला नाही. खिडकीचा सरकता पल्ला बोटभर उघडा ठेवायचा, म्हणजे ऐकूही येईल. आत भाचीची खुर्ची. बहिणीची खुर्ची. शेजारीणबाई सूप घेऊन आपोआप येतील.

पाहुणे तीनला आले नाहीत. मुलाच्या मामांना वाटेत गडचिरोलीत कोणी ओळखीचा भेटला, त्याने चहाला नेलं, चहावरून जेवायला बसवलं. मुलालाही त्यांनी फोन करून वाटेत थांबवून ठेवलं. ते पोचले तेव्हा सूर्य झाडांच्या मागे गेला होता. आणि त्यात लाइन गेली.

“बरं झालं,” भाची कुजबुजली. “आत अंधार, बाहेर अजून उजेड हाये. काच चालन.”

मोठी मंडळी हॉलमध्ये बसली. जयभीम झाला, पाणी झालं. नवऱ्याने बॅटरीचा दिवा मधोमध ठेवला आणि ठरल्याप्रमाणे धानाच्या खोडकिड्यावर बोलायला सुरुवात केली. मुलाचे मामा त्याच्याहून मोठ्या आवाजात वाघावर बोलू लागले. मी आणि बहीण ‘पोह्यांचं पाहतो’ म्हणून उठलो आणि रस्त्याकडच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसलो. भाची आणि सूप मांडीवर घेतलेल्या शेजारीणबाई तिथे आधीच तयार होत्या.

मुलगा आला. गाडी लावली. खिशातून दोन मोजे काढून आरशांवर चढवले. पाय धुतले. वर पाहिलं.

आणि थांबला.

उंच, काळासावळा, पांढऱ्या शर्टात अवघडलेला. शर्टावर घडीच्या रेघा तशाच होत्या. त्याने कंगवा काढला. भांग डावीकडून पाडला, मग उजवीकडून, मग परत डावीकडून. दात पाहिले. दातात अडकलेलं काहीतरी नखाने काढलं, निरखलं आणि टाकून दिलं. बहिणीने कपाळाला हात लावला. मग त्याने काचेकडे पाहून हात जोडले.

“नमस्कार. मी वनरक्षक. छंद, वाचन.”

शेजारीणबाई पुटपुटल्या, “झालं. ह्याचाही वाचन.”

बाहेर त्याने मान तिरपी केली आणि बारीक बाईचा आवाज काढला, “काय वाचता?”

आपल्या आवाजात, “पुस्तकं.”

बारीक आवाजात, “कोनती?”

त्याने काचेतल्या स्वतःकडे पाहून डोकं खाजवलं. मग म्हणाला, “मेला बे तू. वाघाचे पंजे वाचतो म्हनून सांगशीन का?”

भाचीने ओढणी तोंडात कोंबली.

“छंद, स्वयंपाक,” त्याने नवीन सुरुवात केली. “काय बनवता? खिचडी. आनखी? आनखी…” त्याने परत डोकं खाजवलं. “पातळ खिचडी.”

शेजारीणबाईंचं सूप हलायला लागलं आणि डाळ सांडली. जंगलात महिनोन्महिने एकटा राहणारा माणूस स्वतःशी बोलतो हे मला वसतिगृहाच्या चौकीदारावरून माहीत होतं. पण तो चौकीदार इतकं चांगलं उत्तर देत नाही.

मग मुलाने कॉलर सरळ केली आणि चेहरा गंभीर केला. “तुमची लॅबची नोकरी हाये असं समजलं. तुम्ही लग्न झाल्यावर नोकरी करा. माही काई हरकत नाई.”

एवढं म्हणून तो थबकला. कंगवा काचेतल्या माणसाच्या नाकावर रोखला आणि एकदम डाफरला, “हरकत नाई काय बे? तुले कोन विचारून राह्यलं? तिची नोकरी हाये. तू कोन हरकत घेनारा?”

भाचीने तोंडातली ओढणी काढली. ती हसत नव्हती. खुर्चीत पुढे सरकून काचेकडे पाहत होती.

नेमकी तेव्हा लाइन आली.

खोलीतली ट्यूब लखकन पेटली. बटण चालूच राहिलं होतं. आणि मुलगा नाहीसा झाला. समोर होतो आम्हीच. चार बायका, ओळीने खुर्च्यांवर, एकीच्या मांडीवर सूप.

“गेला वाटते आत,” शेजारीणबाई म्हणाल्या.

आणि मग आम्ही तेच केलं जे आरशासमोर कोणतीही बाई करते. बहिणीने पदर सारखा केला आणि मान वळवून अंबाडा पाहिला. शेजारीणबाईंनी नाकातली चमकी बोटाने सरळ केली. मी चष्मा काढून डोळ्यांखालची वर्तुळं पाहिली. भाची उठली, थेट काचेला नाक लावून दात पाहिले, कारण पोह्यांची चव तिनेच पाहिली होती आणि त्यात कोथिंबीर होती. मग तिने हात जोडले, मान तिरपी केली, आणि त्याची हुबेहूब नक्कल करत काचेला म्हणाली, “नमस्कार. मी लॅबवाली. छंद, पातळ खिचडी.”

बाहेरून हसण्याचा आवाज आला.

मोठा, पोटातून आलेला, बोटभर फटीतून सरळ खोलीत. माझी नजर खिडकीच्या बाजूच्या कागदावर गेली. आता उजेड आमच्याकडे होता, अंधार त्याच्याकडे. आम्हाला आम्ही दिसत होतो. आणि त्याला आम्ही दिसत होतो. अंबाडा, चमकी, कोथिंबीर, सगळं.

“पडदा!” मी ओरडले.

बहिणीने पडदा ओढला, तो दांडीसकट खाली आला. पांघरूण घेतल्यासारखी ती त्याच्याखाली उभी राहिली. शेजारीणबाई सूप डोक्यावर धरून स्वयंपाकघराकडे पळाल्या. भाची मात्र जागची हलली नाही. लाल झाली होती. हळूच तिने पल्ला पूर्ण सरकवला.

बाहेर तो हातात कंगवा घेऊन उभा होता. तोही लाल.

“कवापासून बसले होते तुम्ही?” त्याने विचारलं.

“दातांपासून.”

“म्हंजे समदंच.”

“हो. तुम्ही कवापासून पाहून राह्यले?”

“मी बी दातांपासूनच,” तो म्हणाला. “तुमच्या.”

हॉलमधून मामांचा आवाज आला, “बापू कुठी राह्यला? पाय धुते का आंघोळ करते?”

बैठक बसली तेव्हा पोहे गार झाले होते आणि नवरा खोडकिड्याच्या तिसऱ्या पिढीपर्यंत पोचला होता. मुलगा सोफ्यावर मामा आणि वडिलांच्या मधे बसला. भाची समोरच्या खुर्चीवर. दोघांनी एकमेकांकडे न पाहण्याची इतकी काळजी घेतली की दोघंही छताच्या पंख्याकडे पाहत होते.

मामा म्हणाले, “विचार ना बापू, काय विचाराचं ते. लाजू नको.”

“मले काई विचाराचं नाई.”

“असं कसं? एवढ्या दुरून आलो. बरं, पोरी, तुले काई विचाराचं हाये का?”

भाची पंख्याला म्हणाली, “तुमचा छंद काय?”

मुलाने पंख्यावरची नजर हलवली नाही. त्याचे खांदे हलत होते. “आता नक्की नाई. मघापर्यंत वाचन होता.”

भाचीच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला आणि तिने तो खोकल्यात ढकलला.

मुलाची आई चकित होऊन म्हणाली, “ह्याले वाचन कवापासून? ह्यानं तं लग्नपत्रिका बी मलेच वाचाले लावली व्हती.”

मोठ्यांना काहीच उमगत नव्हतं. शेवटी मुलाच्या वडिलांनी सुचवलं की मुलामुलीने थोडं वेगळं बोलून घ्यावं. रस्त्याकडच्या खोलीचा पडदा पडला होता, त्यामुळे आडोशाची एकच खोली उरली होती, स्वयंपाकघर. दोघं आत गेले आणि रेघांच्या काचेचं दार लागलं.

आता सगळी बैठक त्या दाराकडे पाहू लागली. त्या काचेत उजेड अडत नाही, पण प्रत्येक रेघ तो आपापल्या मताने वाकवून पाठवते. एका माणसाच्या आठ-दहा चिरा होतात आणि त्या जागच्या जागी राहत नाहीत. आत, दोघांच्या मागे दिवा होता. आम्हाला पिवळ्या ओढणीच्या पट्ट्या दिसत होत्या आणि पांढऱ्या शर्टाच्या पट्ट्या, एकाआड एक, विणलेल्या चटईसारख्या.

“लय जवळ उभे हायेत,” मामा म्हणाले.

“काच तशी हाये,” मी म्हटलं.

“त्यानं हात धरला का तिचा?”

“नाई नाई, तो गिलास हाये,” नवरा म्हणाला. मामा उठून डावीकडे गेले, मग उजवीकडे गेले. पट्ट्याही गेल्या.

“पोरगी रडून राह्यली,” मुलाची आई म्हणाली.

“हसून राह्यली,” बहीण म्हणाली, पण तिचा आवाज खात्रीचा नव्हता. मी चष्म्याच्या वरच्या भागातून पाहिलं, खालच्या भागातून पाहिलं. खालून भाचीला तीन डोकी होती आणि तिन्ही हलत होती.

एवढ्यात आत ताट पडलं.

स्टीलचं ताट, जोरात, फरशीवर गरगरत. बहिणीने माझा हात असा पकडला की बांगडी रुतली. तिच्या मनात भाचीच्या मैत्रिणीचा नवरा आला हे तिला सांगावं लागलं नाही. पांढऱ्या पट्ट्या एकदम खाली गेल्या, पिवळ्या पट्ट्या मागे सरकल्या. मी उठले, दारापाशी नेमका चष्म्याने उंबरठा वर उचलला, मी नसलेल्या पायरीवर पाय ठेवला आणि दार ढकलत सरळ आत जाऊन पडले.

पडल्या पडल्या जे दिसलं ते असं. मुलगा जमिनीवर उकिडवा बसून सांडलेले पोहे ताटात गोळा करत होता. भाची हातात चिमटा घेऊन उभी होती. गॅसवर कढई होती.

“मावशी, माझ्या हातून सुटलं,” भाची म्हणाली. “पोहे गरम करून राह्यली होती. सकाळपासून ह्यायनं काई खाल्लं नाई, पांढऱ्या शर्टावर सांडन म्हनून घरच्यांनी फोनवर बजावलं होतं.”

“ताई, लागलं तं नाई?” मुलाने मला हात दिला. त्याच्या पांढऱ्या शर्टाला हळदीची पाच बोटं लागली होती.

दारात सगळी मंडळी गोळा झाली. मामा सगळ्यांच्या वरून डोकावत म्हणाले, “आमाले तं काई समजूच नाई राह्यलं. ठरलं काय तुमचं?”

रीत अशी की मुलीने काही बोलायचं नाही, उत्तर मोठी माणसं देतात. भाचीने गॅस बारीक केला, ओढणी झटकली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “माह्याकडून हो.” मग मुलाकडे पाहिलं. “तुमची काई हरकत?”

तो उकिडवाच होता. “मी कोन हरकत घेनारा?” म्हणाला, आणि दोघं इतकं हसायला लागले की त्याच्या हातातलं ताट परत सुटलं.

मुलाच्या आईने माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं.

बहिणीने भाचीला दंडाला धरून ओट्याच्या कोपऱ्यात नेलं. “अवं, इतक्या चांगल्या-चांगल्या स्थळांले नाई म्हटलं तू. ह्याच्यात काय पाह्यलं? दात कोरत व्हता तो!”

“दुसऱ्यावर डाफरनारे लय पाह्यले, आई,” भाची म्हणाली. “हा स्वतःवर डाफरला.”

बहिणीला ते पटलं की नाही, कोण जाणे. ती पदराने डोळे पुसत होती, पण कांदा तिथेच चिरून ठेवला होता. मी तिच्या हातात सहा ताटल्या दिल्या आणि म्हटलं, पयले पोहे वाढ, गरम आहेत तोवर. मुलाला दोनदा वाढ.